बाळ रडलं की आई का घाबरते?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या सुमारे २९ टक्के बायकांनी नवऱ्याची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. अशा घरात बाळ रडलं, की आईचं लक्ष आधी नवऱ्याकडे जातं: 'हा आता चिडेल का?' झोप नाही, शरीर सतत सावध, मन सुन्न. बाळाकडे बघून हसायलाही बळ उरत नाही. लोक म्हणतात, 'हिला मायाच नाही.' माया असते हो, भीती तिला वर येऊ देत नाही. आई सुरक्षित झाली, आधार मिळाला, की नातं पुन्हा जुळू शकतं.

म्हणून बाळंतिणीला भेटायला गेलात, तर ती एकटी असताना हळूच विचारा, 'घरी सुरक्षित वाटतं का?' महिला हेल्पलाइनचा नंबर १८१. फोन मात्र तिच्या मर्जीनेच करायचा.