मुदत दोघांनाही हवी

बिल थकले तर १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन आमची वीज तोडता येते. २००३ च्या वीज कायद्याचे हे कलम ५६. त्याच कायद्याचे कलम ६४ आयोगाला बजावते की, दराच्या अर्जावर १२० दिवसांत निर्णय द्यावा. मात्र ही मुदत उलटली तर पुढे काय, याविषयी ते कलम मौन पाळते. अपील १८० दिवसांत निकाली न निघाल्यास न्यायाधिकरणाला तरी विलंबाची कारणे लेखी नोंदवावी लागतात. रखडलेल्या निर्णयाचा भुर्दंड अखेर व्याजासह ग्राहकाच्याच माथी बसतो. म्हणून आम्ही एवढेच मागतो: मुदत टळताच आयोगानेही आपली कारणे जाहीर करावीत. ग्राहकाला जी शिस्त, ती निवाडा देणाऱ्यालाही हवी!