मिठागराच्या गावी स्वागत

संमेलनाला जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या मराठीच्या व विज्ञानाच्या शिक्षक बंधुभगिनींनो,

उरणात आपले मनःपूर्वक स्वागत. मी मिठागरवाल्याच्या घरातला, त्यामुळे बोलणार तेही मिठावरच.

भरतीचे पाणी आम्ही आगरात घेतो आणि वाफ्यांत तापू देतो. ऊन पाणी उडवून नेते, तळाशी पांढरे दाणे उरतात. समुद्राचे पाणी हे मिश्रण, म्हणून त्यातले मीठ नुसत्या उन्हाने वेगळे होते. पण मीठ स्वतः संयुग, म्हणून त्या दाण्यातले सोडियम आणि क्लोरीन कितीही कडक उन्हात सुटे होत नाहीत. त्यासाठी मीठ वितळवून त्यातून वीज सोडावी लागते. सोडियम पाण्यात टाकले तर पेट घेते. क्लोरीन पहिल्या महायुद्धात, 1915 साली, ईप्रच्या रणांगणावर विषारी वायू म्हणून सोडला गेला. 23 ग्रॅम सोडियम, 35.5 ग्रॅम क्लोरीन, आणि होते काय, तर पानात सर्वांत आधी वाढतात ते मीठ!

आता 'मिठागर' हा शब्दच घ्या. मिठाचे आगर, षष्ठी तत्पुरुष. मुलांना गुण मिळतात, धडा संपतो. मला हे खटकते. 'जाड्या मिठाचे आगर' असे म्हणता येते. 'जाडे मिठागर' म्हणून पाहा, जाडेपणा मिठाला लागतच नाही. समासात शिरलेल्या पदाचा सुटा कारभार संपलेला असतो. व्याकरणकार पतंजलींनी महाभाष्यात हाच प्रश्न लावून धरला: समासातली पदे नुसती एकमेकांची अपेक्षा धरतात, की त्यांचा मिळून एकच अर्थ होतो? पहिली व्यपेक्षा, दुसरा एकार्थीभाव. हा एकार्थीभाव मला संयुगाचाच पाठ वाटतो. 'आईवडील' म्हटले की दोघेही आपापल्या जागी असतात, हे खरे. पण 'निळकंठ' म्हणताच अर्थ निळ्या रंगापाशी थांबत नाही, कंठापाशीही नाही. थेट शंकर समोर उभा राहतो.

एकाच वर्गातल्या एकाच मुलाला आपण एका तासाला समासाचा विग्रह शिकवतो आणि पुढच्या तासाला संयुगाचे अपघटन. या दोन तासांची गाठ कोणी घालून देत नाही.

उद्या सकाळी 7 वाजता आपण मिठागर पाहायला निघणार आहोत. बसमध्ये प्रत्येक बाकावर एक मराठीचे आणि एक विज्ञानाचे शिक्षक असे जोडीने बसावे, ही यजमान म्हणून माझी आग्रहाची विनंती.