निकालपत्र आपण वाचायचं

(कायदा शिकणाऱ्या मैत्रिणींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

तुमच्यापैकी बऱ्याचजणींनी एलएल.बी.चे पेपर मराठीतून लिहिले. आता एलएल.एम. करायचं म्हणता. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत त्यासाठी 'क्लॅट' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती फक्त इंग्रजीत होते. १२० मिनिटांत १२० प्रश्न, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. प्रश्न उताऱ्यांवर असतात आणि उतारे निकालपत्रांतून, कायद्यांतून घेतलेले असतात. "कायदा येतो, पण इंग्रजी उतारा पाहिला की हातपाय गळतात," असं तुम्ही म्हणता.

पण इथे फाडफाड इंग्रजी बोलायचं नाही. कोण काय म्हणालं आणि त्यावरून काय सिद्ध होतं, एवढं नीट वाचायचं आहे. हे काम स्त्री-चळवळीला नवं नाही.

मथुरा खटला आठवा. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोघा पोलिसांना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये त्यांना सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांनी काय केलं? निकालपत्र ओळीनं वाचलं. धाकापुढे गप्प राहणं वेगळं आणि संमती वेगळी, हा फरक दाखवला. त्यातून १९८० साली देशभर बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. उताऱ्याचं आकलन म्हणतात ते हेच!

आता तयारीचं बोलू. पहिली गोष्ट, उताऱ्यात बोलणारे अनेक असतात. 'कंटेंडेड' किंवा 'सबमिटेड' आलं की ते वकिलाचं म्हणणं. 'हेल्ड' आलं की ते न्यायालयाचं. घाईत वकिलाचं वाक्य न्यायालयाच्या तोंडी घालून गुण जातात. आणि 'सबमिशन' हा एकच शब्द एका ठिकाणी युक्तिवाद असतो, तर मथुरा खटल्यात शरणागती. म्हणून शब्दाचा अर्थ वाक्यात पाहायचा.

दुसरी गोष्ट, छोटे शब्द सोडू नका. 'शॅल' म्हणजे सहसा बंधन, 'मे' म्हणजे सहसा मुभा. 'प्रोव्हायडेड दॅट' आलं की पुढे अट किंवा अपवाद आहे. 'नॉटविथस्टँडिंग' म्हणजे 'तसं असलं तरीही'.

तिसरी गोष्ट खास कार्यकर्त्यांसाठी. आपल्याला विषय माहीत असतो, तोच कधी आडवा येतो. विशाखा निकाल १९९७ चा. लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. जिल्ह्याची स्थानिक समिती या कायद्यानं आणली, विशाखा निकालात ती नाही. प्रश्न 'उताऱ्यानुसार' विचारत असेल, तर उत्तर उताऱ्यातच शोधा. काही प्रश्नांना बाहेरचं ज्ञानही लागतं, पण प्रश्न काय मागतो ते आधी बघा.

सराव कसा करायचा? रोज निकालपत्राचं एक पान. वाचून झालं की पान मिटून मराठीत सांगायचं : भांडण कोणाचं, प्रश्न काय, खालच्या कोर्टानं काय केलं, इथे काय ठरलं, कशामुळे. सांगता आलं तर समजलं. अडलं तर तेवढाच परिच्छेद पुन्हा वाचायचा. पहिला महिना घड्याळ लावू नका, मग लावा.

हे एकटीनं घरी होत नाही. पुस्तक उघडलं की कुणाला तरी चहा हवा असतो. म्हणून संघटनांना माझी विनंती आहे : आठवड्यातून एक संध्याकाळ कार्यालय या मुलींसाठी मोकळं ठेवा. चौघींनी मिळून वाचावं, एकीनं प्रश्न काढावेत, बाकीच्यांनी उत्तरं द्यावीत.

परीक्षा मराठीतूनही व्हावी, ही मागणी आपण करतच राहू. पण तोवर थांबायचं नाही. आपल्या आयुष्याचे निकाल ज्या भाषेत लिहिले जातात, ती वाचणाऱ्या, त्यातली चूक दाखवणाऱ्या बायका आपल्याला हव्यात. त्या तुमच्यातूनच येणार आहेत.