फटाके, कायदा आणि शेजारधर्म



वसंताच्या दिवसांत दिवाळीचा विषय काढणे कित्येकांना अवेळी वाटेल. परंतु दिवाळीच्या तोंडावर फटाक्यांविषयी बोलू लागले, की बोलणारा आणि ऐकणारा दोघेही आधीच चिडलेले असतात. थंड डोक्याने विचार करण्याचे दिवस हेच, असे आम्हांस वाटते.

फटाक्यांना कायद्याचा लगाम नाही, ही समजूत खरी नाही. स्फोटकांचा कायदा १८८४ सालचा आहे. चार मीटरांवर १२५ डेसिबलहून मोठा आवाज करणारा फटाका बनविणे, विकणे वा वाजविणे मना आहे. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत आवाजाचे फटाके बंद केले. २३ ऑक्टोबर २०१८ रोजी त्याने दिवाळीत रात्री आठ ते दहा एवढाच वेळ मोकळा ठेवला. माळा आणि बेरियमचे क्षारही वर्ज्य ठरविले.

मग नियम असूनही रात्री बारा वाजता कान का बधिर होतात? आमच्या मते याचे एक कारण साधे आहे. फुटून गेलेल्या फटाक्याचे डेसिबल चौकातल्या शिपायाने मोजायचे कसे? तो नियम कारखान्यात आणि दुकानातच पाळला गेला पाहिजे. घड्याळ मात्र घरोघरी आहे. म्हणून गावाच्या हाती खरे बळ आहे ते वेळेच्या आणि जागेच्या नियमाचे.

पण वेळ ठरविताना लोकरीतही पाहिली पाहिजे. तामिळनाडूत दिवाळी पहाटेची. तेथील सरकारने ही अडचण मांडली, तेव्हा ३० ऑक्टोबर २०१८ रोजी न्यायालयाने दोन तासांची मर्यादा कायम ठेवून वेळ बदलण्याची मुभा दिली. त्या वर्षी तेथे सकाळी सहा ते सात आणि संध्याकाळी सात ते आठ अशी वेळ ठरली. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर फटाका वाजविण्याची रीत आपल्याकडेही आहे. तिचा आग्रह धरणाऱ्यांनी हा मार्ग ध्यानी घ्यावा. नियम झुगारण्यापेक्षा तो आपल्या मापाने शिवून मागणे केव्हाही बरे.

“वर्षातून एकदाच तर!” असे म्हणतात. परंतु दमेकऱ्याची छाती किंवा तान्ह्या मुलाचे कान पंचांग पाहून दुखत नाहीत. मुलांचा आनंद हिरावून घ्या, असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक प्रभागाने दिवाळीपूर्वी एक मोकळे पटांगण ठरवावे, तेथे पाण्याची पिंपे आणि वाळूच्या बादल्या ठेवाव्यात, आणि रुग्णालयाभोवतीचा शंभर मीटरांचा टापू निःशब्द राखावा. नगरपालिकेकडे हे मागणे आत्ताच मांडले, तर दिवाळीपर्यंत तयारीला वेळ मिळेल.

दिवा लावताना शेजाऱ्याची परवानगी लागत नाही, कारण दिव्याचा उजेड त्याला टोचत नाही. फटाक्याचे तसे नाही, एवढे ध्यानी घेतले तरी पुष्कळ झाले.