मुलाखतीची परीक्षा आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



पारितोषिके वाटून झाल्यावर आणि भोजनाची वेळ जवळ आली असता श्रोत्यांस भाषण ऐकावयास लावणे हा थोडासा अन्यायच होय, ह्याची आम्हांस जाणीव आहे. परंतु चिटणीसांचा आग्रह मोडवला नाही, आणि त्यांनी नेमून दिलेला विषयही टाळण्यासारखा नव्हता. एके काळी आपल्यातील मुलगा बँकेत, रेल्वेत किंवा सरकारी कचेरीत लागला म्हणजे घरोघर पेढे जात. आज पेढ्यांचे निमित्त बदलले आहे. मुलगा किंवा मुलगी गूगलसारख्या जगड्व्याळ कंपनीत मुलाखतीस गेली एवढ्यावरच नातलगांत वार्ता पसरते. आणि तेथून नकार आला तर ती वार्ता अधिकच वेगाने पसरते. आजचे आमचे बोलणे ह्या दुसऱ्या वार्तेसंबंधी आहे.

आमचा ह्या विषयातील अधिकार बेताचाच. आम्ही एका कारखान्यात अभियंता होतो आणि निवृत्तीपूर्वी कित्येक वर्षे उमेदवारांच्या मुलाखती घेत होतो. निवृत्तीनंतर ज्ञातीतील मुलामुलींकडून मुलाखतीची तयारी करून घेतो. संगणकाचे जे थोडे ज्ञान आम्हांस आहे, ते ह्या मुलांनीच आम्हांस दिले.

प्रथम ह्या परीक्षेचा थोडा इतिहास पाहू. गूगल ही कंपनी लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन ह्या दोन तरुणांनी १९९८ साली स्थापन केली. हुशार माणसे वेचून काढण्याचा तिला आरंभापासूनच ध्यास. २००४ साली कॅलिफोर्नियातील एका हमरस्त्यावर एक भला मोठा फलक लागला. त्यावर कंपनीचे नाव नव्हते. गणितातील ‘ई’ ह्या संख्येच्या विस्तारात सलग अंकांनी होणारी पहिली दहा अंकी मूळ संख्या शोधा, एवढेच कोडे होते. ते उत्तर म्हणजेच इंटरनेटवरील एका स्थळाचा पत्ता होता. तेथे गेल्यास दुसरे कोडे. तेही सुटले तर नोकरीसाठी अर्ज करण्याचे निमंत्रण! विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील, असल्या प्रश्नांनीही उमेदवारांस त्या काळी घाम फुटत असे.

परंतु ह्या कंपनीचा एक गुण घेण्यासारखा आहे. तिने स्वतःच्या परीक्षेचीच परीक्षा घेतली. मनुष्यबळ विभागाचे त्या वेळचे प्रमुख लाझलो बॉक ह्यांनी २०१३ साली जाहीरपणे सांगितले की, असली कोडी म्हणजे वेळेचा निव्वळ अपव्यय असून त्यांमुळे कोडे घालणाराला आपण शहाणे असल्याचे समाधान मिळते, इतकेच. मुलाखतीतील गुण आणि पुढे प्रत्यक्ष कामात दिसलेली कर्तबगारी ह्यांची तुलना करून पाहता मेळ आढळला नाही, हेही त्यांनी कबूल केले. आरंभीच्या काळात एकेका उमेदवाराच्या पंचवीसपर्यंत मुलाखती होत. हिशेब केल्यावर असे दिसले की चार मुलाखतींत ८६ टक्के खात्रीचा निर्णय देता येतो आणि त्यापुढील प्रत्येक मुलाखत फारशी भर घालीत नाही. तेव्हापासून चार हा सर्वसाधारण दंडक ठरला.

ह्या मुलाखतींचे स्वरूप साधारण असे. प्रथम कंपनीचा प्रतिनिधी दूरध्वनीवर बोलतो. नंतर एखादी प्राथमिक परीक्षा. ती पार पडल्यास सुमारे पाऊण पाऊण तासाच्या चार-पाच मुलाखती. प्रत्येक परीक्षक आपला अभिप्राय स्वतंत्रपणे लिहून देतो, आणि नेमणुकीची शिफारस ज्यांनी उमेदवारास पाहिलेलेदेखील नाही अशी एक समिती ते कागद वाचून करते. समितीने होकार दिल्यावरही कोणत्या गटात काम मिळणार हे ठरेपर्यंत काही उमेदवारांस आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागते. ह्या प्रतीक्षेत मुलाच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि आपण त्यास दररोज सकाळी विचारतो, “काही कळले का ?”

आत विचारतात तरी काय ? एक घरगुती उदाहरण घेऊ. आपल्या मंडळाच्या वर्गणीची एक हजार नावांची यादी आहे आणि एखाद्याचे नाव चुकून दोनदा आले आहे काय, हे शोधावयाचे आहे. भोळा उपाय असा की, प्रत्येक नाव इतर प्रत्येक नावाशी ताडून पाहावे. हिशेब केला तर ४,९९,५०० वेळा ताडणी करावी लागेल. आपले खजिनदार राजीनामा देतील! दुसरा उपाय असा की, शेजारी अक्षरवार खण पाडलेली वही ठेवावी, नाव वाचताच ते त्याच्या खणात आधीच आहे काय ते पाहावे, नसल्यास लिहावे. यादी एकदाच वाचली की काम संपले. मात्र त्यासाठी एक वही अधिक लागली. वेळ वाचवावयाचा तर जागा खर्चावी लागते, हे ह्या शास्त्रातील एक मोठे सूत्र आहे, आणि मुलाखतीतील कितीतरी प्रश्न ह्याच सूत्राची निरनिराळी रूपे असतात.

परंतु परीक्षकास केवळ दुसरा उपाय ऐकावयाचा नसतो. उमेदवाराने आधी विचारावे, की एकाच नावाचे दोन निराळे गृहस्थ असू शकतील काय ? ‘विष्णु’ आणि ‘विष्णू’ एकच समजावयाचे काय ? मग भोळा उपाय सांगून त्याचा खर्च सांगावा, मग सुधारलेला उपाय मांडावा, तो लिहावा, आणि यादी रिकामी असल्यास काय होईल, हेही तपासून दाखवावे. आणि हे सारे मोठ्याने बोलत बोलत करावे !

येथेच आपली मुले अडखळतात. आमच्या पुतणीची हकीकत सांगतो. तिच्या अनुमतीनेच सांगतो. मुलगी वर्गात पहिली. एका मोठ्या कंपनीत, जिचे नाव येथे घेत नाही, तिची मुलाखत झाली आणि नकार आला. कारण कोणी कळविले नाही. बहुधा कळवीतही नाहीत. पुढे तिनेच आमच्यासमोर तो प्रश्न पुन्हा सोडवून दाखविला. वीस मिनिटे ती एक अक्षर बोलली नाही आणि नंतर संपूर्ण बिनचूक उत्तर लिहून तिने कागद पुढे केला. आम्ही म्हटले, “अगं, मध्ये काही बोलली का नाहीस ?” ती म्हणाली, “काका, उत्तर पक्के झाल्याशिवाय तोंड उघडायचे नाही, हे तुम्हीच शिकवलेत ना ?”

बंधुभगिनींनो, ह्या प्रश्नाने आम्ही निरुत्तर झालो. आपल्या घरांत आणि शाळांत चुकीच्या उत्तराला हसण्याची चाल आहे. अर्धवट विचार बोलून दाखविणाऱ्या मुलास आपण वाचाळ म्हणतो. परीक्षकाला मात्र त्या वीस मिनिटांत समोर एक मौन बसलेले दिसले. मौनाला गुण कसे द्यावेत ?

आता दुसऱ्या बाजूचेही बोलले पाहिजे. नकार म्हणजे नालायकी नव्हे. मॅक्स हॉवेल ह्या ब्रिटिश प्रोग्रामरने ‘होमब्रू’ नावाचे साधन तयार केले. ते असंख्य अभियंते वापरतात. २०१५ साली गूगलने त्यांना नाकारले, तेव्हा त्यांनी संतापाने जाहीर लिहिले, की तुमचे बहुतेक अभियंते माझे साधन वापरतात, पण फळ्यावर एक कोडे सोडवता आले नाही म्हणून मी नको. पुढे राग शांत झाल्यावर, आपले ते लिहिणे कंपनीला सर्वस्वी न्याय देणारे नव्हते, असेही त्यांनीच मोकळेपणाने सांगितले. दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. अशा कंपन्यांचे धोरणच असे, की अयोग्य माणूस आत येण्यापेक्षा दहा योग्य माणसे बाहेर राहिलेली पत्करली. म्हणजे योग्य माणसाला नकार मिळणे हा त्या यंत्रातील अपघात नसून त्याची ठरलेली किंमत आहे. ती किंमत आपल्या मुलांनी स्वतःच्या मनावर कोरून घेऊ नये.

आणि ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणणे हेही पाप नव्हे. आज त्या कंपनीचे प्रमुख असलेले सुंदर पिचाई ह्यांची मुलाखत १ एप्रिल २००४ रोजी झाली. त्याच दिवशी जीमेल ही टपालसेवा जाहीर झाली होती. पहिल्या परीक्षकांनी त्यांना तिच्याविषयी मत विचारले. पिचाईंना वाटले, ही एप्रिल महिन्यातील थट्टा असावी. त्यांनी ती सेवा वापरलेलीच नव्हती. चौथ्या परीक्षकाने, “पाहिली आहेस का ?” असे विचारले. त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितले, तेव्हा त्याने ती दाखविली. पाचव्याने विचारताच त्यांना बोलता आले. ही हकीकत त्यांनीच पुढे सांगितली आहे.

आता एक अवघड गोष्ट. आपल्यापैकी काहीजण अशा कंपन्यांत नोकरीस आहेत. त्यांना फोन करून आपण म्हणतो, “आमच्या मुलाला तेवढा चिकटवून घ्या.” तेथील नोकरास ओळखीच्या उमेदवाराचे नाव सुचविता येते, आणि त्यामुळे अर्ज नजरेखाली येण्यास साहाय्य होते, हे खरे. परंतु त्यापुढील सारी वाट उमेदवाराने एकट्यानेच चालावयाची असते. नाव सुचविणाराला भीड घालून आपण त्याची अडचण करतो आणि मुलाचा आत्मविश्वास मात्र घालवतो.

ह्या संबंधात आमच्या हातून घडलेला एक दोष ह्या व्यासपीठावरून सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. कारखान्यात एकदा दोन उमेदवार आमच्यापुढे होते. एकाचे आडनाव ऐकताच आम्ही गाव विचारले. गाव आमच्या आजोळाशेजारचे निघाले. अर्धा तास नदी, देऊळ आणि तेथील जत्रा ह्यांवर गप्पा झाल्या आणि मुलगा फार चांगला आहे, अशी आमची खात्री झाली ! दुसरा उमेदवार बुजरा होता. त्याला आम्ही दहा मिनिटांत वाटेस लावले. कोणाला घेतले हे सांगावयास नकोच. त्या दुसऱ्या मुलाचे नाव आज आम्हांस आठवत नाही, आणि नेमके हेच आमच्या मनाला लागून राहिले आहे.

प्रत्येक उमेदवारास तेच प्रश्न त्याच कसोटीने विचारावेत, अभिप्राय लिहून ठेवावा आणि निर्णय दुसऱ्यांनी द्यावा, ही पद्धत पुढे आमच्या वाचनात आली तेव्हा तिचे मर्म आम्हांस तत्काळ कळले. मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीत आपण गुण शोधीत नसतो. आपल्यासारखा माणूस शोधीत असतो. ज्ञातीच्या व्यासपीठावर हे बोलणे काहींना खटकेल. परंतु परस्परांस आधार देण्यासाठी आपण एकत्र आलो आहोत, दुसऱ्याच्या मुलाची जागा अडविण्यासाठी नव्हे. आपला मुलगा उद्या परक्या शहरात परीक्षकासमोर बसेल, तेव्हा तो परीक्षक गाव न विचारणारा असावा, असेच आपणांस वाटेल ना ?

अलीकडे आणखी एक मोह निर्माण झाला आहे. २०२० च्या महामारीपासून बहुतेक मुलाखती घरबसल्या पडद्यावर होऊ लागल्या, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडून गुपचूप उत्तर मिळविणे सोपे झाले. त्यामुळे निदान एक फेरी समक्ष घेण्याचे गूगलने ठरविल्याचे पिचाई ह्यांनी २०२५ साली सांगितले. विद्यार्थिमित्रांनो, त्या यंत्राकडून अवश्य शिका; परंतु परीक्षेच्या वेळी त्याच्या पदराआड लपू नका.

शेवटी तीन विनंत्या. पहिली मंडळास : रविवारी सकाळी ज्ञातिगृहाची एक खोली आणि एक फळा सराव-मुलाखतींसाठी द्यावा, आणि शेजारपाजारच्या कोणत्याही मुलामुलीस तेथे मज्जाव नसावा. आम्ही स्वतः दर रविवारी हजर राहू. दुसरी मुलांस : चुकत चुकत, पण बोलत बोलत विचार करावयास शिका. आणि तिसरी आपणां वडीलधाऱ्यांस : लग्नाच्या पंक्तीत कोणाच्या मुलाला त्याच्या मुलाखतीचा निकाल विचारू नका. आमची पुतणी त्या नकारानंतर वर्षभर एकाही कार्यास आली नाही. आज ती एका लहान कंपनीत समाधानाने काम करते आणि पुन्हा मुलाखतीस बसावे की नाही, हे तिचे तीच ठरवील. ती आज ह्या सभागृहात शेवटच्या रांगेत बसली आहे. भोजनाच्या वेळी तिची गाठ पडलीच, तर तिला जिलबीचा आग्रह करा. पुढचा प्रश्न विचारू नका.