एक यंत्र, दोन कामे : घरासाठी संगणक निवडताना
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून विद्वानांची व्याख्याने होतात. मी तर जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि जन्मभर शाळेत खडू झिजविलेला मनुष्य. तरीही कार्यकारी मंडळाने मजकडे विषय सोपविला तो अगदी आजचा. मुलांना प्रोग्रॅमिंगही करता यावे आणि खेळही खेळता यावेत, असा तयार डेस्कटॉप संगणक कसा निवडावा, हा तो विषय होय. निवृत्तीनंतर परिचयाच्या काही कुटुंबांबरोबर या खरेदीला जाण्याचा योग आला. तरुण मंडळींना प्रश्न विचारून जे समजले, ते शिक्षकाच्या सवयीने वहीत टिपून ठेविले. त्या टिपणांचे सार आपणांपुढे ठेवितो.

पहिला मुद्दा यंत्राचा नसून घरातील बोलण्याचा आहे. वडील म्हणतात, "अभ्यासासाठी संगणक घेऊ." मुलगा मान डोलावितो, परंतु त्याच्या मनात खेळही असतो आणि तो बोलून दाखविण्याची त्यास भीती वाटते. दुकानात वडील स्वस्तातले "अभ्यासाचे" यंत्र मागतात, मुलगा हळूच दिव्यांच्या झगमगाटाकडे बोट दाखवितो, आणि दुकानदार दोघांचेही समाधान होईलसे काहीतरी गळ्यात बांधतो. घरी आल्यावर त्यावर खेळ अडखळतो आणि अभ्यासही रेंगाळतो. हा पैसा कोणाच्या घरी भिशीतून आलेला असतो, कोणी मुदत ठेव मोडलेली असते, कोणी हप्ते पत्करलेले असतात. तो असा वाया जावा काय? म्हणून माझे पहिले सांगणे असे की, दुकानाची पायरी चढण्यापूर्वी दोन्ही उपयोग घरात उघडपणे बोलावेत. उपयोग निश्चित झाल्यावाचून यंत्र निश्चित होत नाही.

खेळ म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असे मानणाऱ्या वडीलधाऱ्यांना एक हकिगत सांगतो. २०१२ साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचे अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी चित्रे ओळखणारी 'अ‍ॅलेक्सनेट' नावाची प्रणाली घडविली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या प्रगतीतील तो एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो. ही प्रणाली एनव्हिडिया कंपनीच्या जीटीएक्स ५८० या दोन ग्राफिक्स कार्डांवर शिकविली गेली, आणि ही कार्डे खेळ खेळणाऱ्यांसाठी विकली जाणारी होती. पुढे २०२४ साली हिंटन यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. खेळणारा प्रत्येक मुलगा शास्त्रज्ञ होईल असे मी म्हणत नाही. परंतु खेळाचे कार्ड आणि विद्येचे साधन एकच असू शकते, एवढे यावरून मान्य करावयास हरकत नसावी.

आता दोन्ही कामांच्या गरजा पाहू. प्रोग्रॅमिंगची भूक मुख्यतः रॅमची, एसएसडीची आणि प्रोसेसरची असते. सी किंवा पायथन शिकणाऱ्या नवशिक्यास साधे यंत्रही पुरते. परंतु विद्यार्थी पुढे गेला की एकाच वेळी संपादक, ब्राउझर, डेटाबेस असे अनेक कार्यक्रम उघडे ठेवितो. मोबाइलचे अ‍ॅप बनविण्यासाठी जे 'अँड्रॉइड स्टुडिओ' वापरतात, त्यासाठी इम्युलेटरसह किमान १६ जीबी रॅम हवी, असे ते बनविणारी गूगल कंपनीच सांगते. म्हणून १६ जीबीपेक्षा कमी रॅमचे यंत्र आज घेऊ नये, आणि पुढे ३२ जीबीपर्यंत वाढविण्याची सोय त्यात असावी. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, त्यामुळे कित्येक दुकानदार रॅममध्येच हात आखडता घेतात, हेही ध्यानी असू द्यावे.

खेळाची भूक वेगळी आहे. ती ग्राफिक्स कार्डाची आहे, आणि तिचे मोजमाप पडद्यावरून होते. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर रुंदीत १९२० आणि उंचीत १०८० ठिपके असतात. गुणाकार केल्यास २०,७३,६०० होतात. चित्र सेकंदास ६० वेळा बदलावयाचे तर कार्डास दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लक्ष ठिपके रंगवावे लागतात. फोर-के पडद्यावर हाच आकडा बरोबर चौपट होतो. यास्तव अगोदर पडदा ठरवावा आणि मग कार्ड. मध्यम उत्पन्नाच्या घरास फुल एचडी पडदा पुरेसा आहे. तेवढ्यासाठी ८ जीबी स्मृतीचे अलीकडचे कार्ड चालते, आणि ऐपत असल्यास १२ किंवा १६ जीबीचे घ्यावे. मुलास कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग करावयाचे असतील तर ही अधिक स्मृती तेथेही उपयोगी पडते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. तयार यंत्रावरील चिठ्ठीत नाव मोठ्या अक्षरांत असते आणि तपशील गुलदस्त्यात असतो. "आय सेव्हन" एवढ्या शब्दांस काही अर्थ नाही. इंटेलचा आय ७-२६०० हा २०११ सालचा प्रोसेसर चार कोअरचा आहे, तर आय ५-१२४०० हा २०२२ सालचा प्रोसेसर सहा कोअरचा आणि कितीतरी वेगवान आहे. येथे पाचाने साताला मागे टाकिले! शिवाय विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर बसतात. तो जुना "आय सेव्हन" घेणाऱ्याच्या पदरी पहिल्या दिवसापासूनच पंचाईत येते.

ग्राफिक्स कार्डाचीही तीच गत. "चार जीबी कार्ड आहे" असे सांगून जीटी ७३० हे २०१४ सालचे कार्ड बसविलेली यंत्रे "गेमिंग" म्हणून विकली जातात. तेवढ्याच चार जीबीचे २०१९ सालचे जीटीएक्स १६५० त्याहून कित्येक पटींनी वेगवान आहे. जीबीचा आकडा ही झाली केवळ कोठाराची लांबीरुंदी. काम करणारे हात किती, हे त्यावरून कळत नाही. म्हणून प्रत्येक भागाचा पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा.

तिसरी जागा एसएमपीएसची. वीज पुरविणारा हा डबा कॅबिनेटमध्ये दडलेला असतो, त्यामुळे विक्रेत्यास काटकसर करावयाची झाल्यास ती येथे सुचते. बिननावाचा एसएमपीएस बिघडला तर कधी कधी आपल्याबरोबर इतर भागांनाही घेऊन जातो. नामांकित कंपनीचा, पुरेशा वॅटचा आणि '८० प्लस' प्रमाणपत्राचा असावा. हे प्रमाणपत्र विजेचा अपव्यय किती कमी होतो ते सांगते. त्यावरच सर्वस्वी विसंबू नये, पण ते मुळीच नसणे हे चांगले लक्षण नव्हे. घरच्या यूपीएसविषयीही एक गोष्ट सांगतो. सहाशे व्हीए म्हणजे सहाशे वॅट नव्हेत. असा यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतो, आणि खेळ ऐन रंगात असताना मोठे कार्ड त्यास पुरे पडू देत नाही.

मोठ्या कंपनीचे तयार यंत्र घ्यावे की दुकानदाराने जुळविलेले, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. कंपनीच्या यंत्रात संपूर्ण यंत्राची हमी एके ठिकाणी मिळते आणि विंडोज बहुधा परवान्यासह येते. परंतु काही कंपन्या मदरबोर्ड आणि एसएमपीएस आपल्याच विशिष्ट मापाचे बसवितात, त्यामुळे पुढे मोठे कार्ड घालावयाचे म्हटले तर मार्ग खुंटतो. जुळविलेल्या यंत्रात १९९५ पासून रूढ असलेल्या एटीएक्स मापाचे भाग बहुधा असतात आणि ते बाजारात कोठेही मिळतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड घ्या किंवा तालुक्याचे दुकान घ्या, नियम एकच : जीएसटीचे पक्के बिल, त्यावर प्रत्येक भागाचे नाव व अनुक्रमांक, आणि हमीची मुदत. तक्रारीचा प्रसंग आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पण हातात बिल नसेल तर तेथे तरी काय दाखविणार?

परवान्याचा पैसा वाचावा म्हणून चोरीची विंडोज घालून घेणे आपल्या घरांस शोभणारे नाही आणि सुरक्षितही नाही. लिनक्सची 'उबुंटू' ही आवृत्ती विनामूल्य मिळते व प्रोग्रॅमिंगसाठी उत्तम आहे. मात्र 'व्हॅलोरंट'सारखे काही ऑनलाइन खेळ तिच्यावर चालत नाहीत, हे मुलांना आधीच सांगावे, म्हणजे नंतर रुसवेफुगवे होणार नाहीत.

जो विद्यार्थी वसतिगृहात राहतो त्यास अर्थातच लॅपटॉप सोयीचा. परंतु घरी राहणाऱ्यास डेस्कटॉप बरा, कारण त्याच किमतीत अधिक शक्ती मिळते, यंत्र थंड राहते आणि एकेक भाग सवडीने बदलता येतो. माझ्या मते त्याचा आणखीही एक लाभ आहे. तो दिवाणखान्यात ठेविता येतो. कोण किती वेळ खेळले, हे कोणी न विचारताच सर्वांस दिसते. आणि तो घरातील सर्वांचा होतो. भगिनींनो, आपल्या समाजात अजूनही असे घडते की, मुलासाठी यंत्र येते आणि मुलीच्या वाट्याला आईचा जुना मोबाइल येतो. प्रोग्रॅमिंग मोबाइलच्या इवल्याशा पडद्यावर शिकता येत नाही. यंत्र एक असेल तर वेळापत्रक करावे आणि त्यात मुलीचे तास प्रथम लिहावेत. खेळावयाची इच्छा तिलाही असते, हे विसरू नये.

शेवटी कार्यकारी मंडळास एक विनंती. आपल्या ज्ञातीतील कितीतरी मुलेमुली आज संगणकक्षेत्रात नोकरीस आहेत. त्यांच्यापैकी चार-पाच जणांची एक लहानशी समिती नेमावी. कोणाही सभासदाने दुकानदाराकडून भागांची यादी लिहून आणावी, ती समितीस दाखवावी, आणि तिने 'घ्या' किंवा 'थांबा' एवढे सांगावे. यास खर्च शून्य, वेळ पाव तास. पण एखाद्या कुटुंबाची वर्षाची शिल्लक त्यामुळे वाचू शकेल. ज्ञातिसंस्था अडीअडचणीस धावून येते असे आपण म्हणतो. आजच्या घरांतील अडचण कित्येकदा अशी यादीच्या रूपाने येते. ती वाचून देणारा आपला माणूस जवळ असावा, एवढेच माझे मागणे आहे.