लेंकरांची राखण



मुलांचें आरोग्य व सुरक्षितता ह्या विषयावर मीं बोलावें असें शाळेनें ठरविलें आहे. विषय मोठा आहे आणि तुमच्यापैकीं निम्म्यांना रात्रपाळीची लोकल गांठावयाची आहे. म्हणून आरोग्याचें थोडक्यांत उरकतों. पाणी उकळून गाळून पाजा. लसीचें कार्ड जपा, तें घराच्या सातबाऱ्याइतकें मोलाचें आहे. वालधुनी नदी कारखान्यांच्या रसायनांनीं नासली आहे, तिच्यांत पोरांना पाय बुडवूं देऊं नका. २०१४ सालीं तिच्या पाण्यांत रसायन ओतलें गेल्यामुळें उल्हासनगरांत शेंकडों माणसांना श्वास घेणें कठीण झालें होतें. पावसाळ्यांत कोंडेश्वराच्या कुंडावर आणि उल्हासच्या कांठीं मोठें माणूस बरोबर असल्याखेरीज कोणास सोडूं नका. २७ जुलै २०१९ रोजीं वांगणीजवळ ह्याच उल्हासच्या पुरांत महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारांवर उतारूंना होड्यांतून काढावें लागलें. आगगाडी जिथें अडते तिथें दहा वर्षांच्या पोराच्या पोहण्याचा काय पाड?

पण आज मला मुख्यतः दुसऱ्याच राखणीविषयीं बोलावयाचें आहे. शेतांत कणीस भरलें कीं आपण माळा घालून रात्र रात्र जागतों, कारण डुक्कर कुठून येतें तें आपणांस ठाऊक असतें. लेंकराच्या बाबतींत मात्र धोका बाहेरूनच येईल अशा भ्रमांत आपण असतों.

ऑगस्ट २०२४ मध्यें बदलापुरांत जें घडलें तें तुम्हांला सांगावयास नको. एका शाळेंत शिशुवर्गाच्या दोन चिमुरड्या मुलींवर शाळेच्याच एका सफाई कामगारानें अत्याचार केल्याचा आरोप झाला. तक्रार नोंदवून घ्यावी म्हणून पालकांना पोलीस ठाण्यांत तासन्‌तास ताटकळावें लागलें. २० ऑगस्टला लोक रुळांवर बसले, सायंकाळपर्यंत गाड्या चालल्या नाहींत. २२ तारखेला मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन तें प्रकरण हातीं घेतलें. तुमच्यापैकीं कांहीं जण त्या दिवशीं रुळावर होते. संताप खरा होता. पण संताप आठ दिवसांत निवतो, आणि शाळा तर रोज भरते.

ह्या प्रकरणांत एक गोष्ट फार लोकांच्या ध्यानांत राहिली नाहीं. त्या लहानग्यांनीं घरीं सांगितलें आणि घरच्यांनीं ऐकून घेतलें, म्हणून तें उजेडांत आलें. आपल्या घरांत काय होतें? पोरगी म्हणाली, "मला शाळेंत जायचें नाहीं," कीं आपण पाठींत धपाटा घालतों. लघवीला आग होते म्हणाली, तर "पाणी पीत नाहींस" म्हणून रागावतों. पोर अचानक अंथरूण ओलें करूं लागलें, एखाद्या माणसाचें नांव काढतांच आईच्या पदरामागें दडूं लागलें, तर हातांतलें काम टाकून जवळ बसा आणि हळूच विचारा. वकिलासारखी उलटतपासणी करूं नका. "तुझी कांहीं चूक नाहीं" हें वाक्य मात्र पहिल्यांदा बोला. आणि मायबहिणींनो, शरीराच्या सर्व अवयवांचीं नांवें मुलांना शिकवा. ज्याला नांव नाहीं त्याविषयीं पोर सांगणार कसें? पाहुणा आला कीं "जा, काकाला पापा दे" असें आपण पोराला ढकलतों. तें नको म्हणत असेल तर त्याचें नको चालूं द्या. त्यानें काकाचा कांहीं अपमान होत नाहीं. हें सर्व मुलग्यांनाही लागू आहे. मुलग्याला काय होतें, असें म्हणणारे बाप मीं पुष्कळ पाहिले आहेत. आणि त्रास देणारा बहुधा ओळखीचाच निघतो: शेजारी, नातलग, गाडीवाला, कधीं गुरुजीसुद्धां.

आतां कायद्याचें. कचेरीच्या पायरीवर आपली मान आपोआप खालीं जाते, म्हणून हें नीट ऐका. २०१२ सालच्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानें, ज्याला पॉक्सो म्हणतात, मुलगा असो वा मुलगी, अठराच्या आंतल्या प्रत्येकाला संरक्षण दिलें आहे. असा गुन्हा कळला तर कळविणें प्रत्येकाचें कर्तव्य आहे. शाळेच्या प्रमुखानें दडविला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊं शकते; "शाळेचें नांव जाईल" ही सबब चालत नाहीं. पोलिसांनीं नोंद न घेणें हाही गुन्हाच आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरीं किंवा त्याला आवडेल त्या ठिकाणीं, शक्यतों स्त्री अधिकाऱ्यानें, गणवेष न घालतां, आईबाप किंवा विश्वासाचें माणूस समोर असतां घ्यावयाचा असतो. मुलाला रात्रीं ठाण्यांत ठेवतां येत नाहीं. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेंच करावी; फिर्याद नोंदली नसली तरी ती करतां येते, आणि कागद आणा म्हणून इस्पितळाला उपचार अडवतां येत नाहींत. अंगावरचे कपडे धुऊं नका, कागदांत गुंडाळून ठेवा. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यांतून उठूं नका. मुलाचें नांव वर्तमानपत्रांत छापण्यास बंदी आहे, तेव्हां अब्रूच्या भयानें गप्प बसण्याचें कारण नाहीं. अब्रू जाते ती करणाऱ्याची. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फुकट दूरध्वनी रात्रंदिवस चालतो. आंकडा चुलीजवळच्या भिंतीवर लिहा, आणि पोराकडूनही पाठ करून घ्या.

शाळेला विचारावयाचें तेंही विचारा. २०२२ च्या सरकारी निर्णयाप्रमाणें प्रत्येक शाळेंत सखी-सावित्री समिति हवी. ती कागदावर आहे कीं खरोखर बसते? लहान मुलींना शौचालयांत नेण्यास बाई आहे ना? शिपाई, सफाईवाले, गाडीवाले नेमतांना त्यांची पोलिसांकडून चौकशी झाली आहे ना? फी भरली कीं आपलें काम झालें असें समजणारे पालक शाळेलाही फार सोईचे असतात. मी त्याच धंद्यांतला आहे म्हणून सांगतों. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितींत तीनचतुर्थांश जागा पालकांच्या आहेत आणि निम्म्या स्त्रियांच्या. आमच्या शाळेंत त्या जागांवर नांवें आहेत, पण सभेला खुर्च्या रिकाम्या राहतात. आणि आलेल्या बायका मागच्या भिंतीला टेकून बसतात, सही मागितली कीं नवऱ्याकडे पाहतात.

पुढील सभेची तारीख फळ्यावर लिहिली आहे. दिवस कामाचा असेल आणि खाडा परवडत नसेल तर आतांच सांगा. सभा रविवारीं घेऊं.